लाख टाके, लाख फुलं

मोठ्या माणसाचा पुऱ्या बाह्यांचा एक स्वेटर डोळ्यांसमोर आणा. लोकर बारीक, सुया अकरा नंबरच्या, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या. अशा विणीत दहा सेंटीमीटर रुंदीत २८ टाके बसतात आणि दहा सेंटीमीटर उंचीत ३६ ओळी. तळहाताएवढ्या चौकोनातच १,००८ टाके झाले. पाठ आणि पुढची बाजू प्रत्येकी पन्नास बाय पासष्ट सेंटीमीटरची धरा, बाह्या सरासरी पस्तीस रुंद आणि पंचेचाळीस लांब. सगळं मिळून ९,६५० चौरस सेंटीमीटर वीण होते आणि टाके भरतात सत्त्याण्णव हजारांच्या वर. गळ्याची आणि बटणांची पट्टी विणून झाली की आकडा लाख ओलांडतो.

एक लाख टाके, आणि त्यातला प्रत्येक टाका सुईच्या टोकाने स्वतंत्रपणे उचललेला.

लाख म्हटलं की आता आपल्याला पगार आठवतो, घराचा हप्ता आठवतो. पण महाराष्ट्रातल्या घरांना हा आकडा आणखी एका वाटेने माहीत होता आणि पुष्कळ घरांत अजूनही आहे. चातुर्मासात देवाला लाखोली वाहायची. लाख तुळशीची पानं, लाख दूर्वा, लाख बेल, नाहीतर लाख प्राजक्ताची फुलं. कापूस पिंजून लक्ष वाती वळायच्या. यात प्रत्येक पान, प्रत्येक फूल, प्रत्येक वात बोटांतून जाते. शाळेची पायरी न चढलेल्या कितीतरी बायकांनी लाख हा आकडा असा हाताने मोजून पुरा केला आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पदव्या घेतलेल्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी एकापासून लाखापर्यंत खरोखर मोजलं असेल?

विणणाऱ्या बाईने ते नकळत केलेलं असतं. सराव असलेला हात बोलता बोलता मिनिटाला तीस टाके विणतो, म्हणजे एका टाक्याला दोन सेकंद. लाख टाक्यांना दोन लाख सेकंद लागले. त्याचे तास होतात साडेपंचावन्न. वेगाचे विक्रम याच्या कितीतरी पुढे आहेत. नेदरलँड्सच्या मिरियाम टेगेल्स यांनी २००६ साली एका मिनिटात ११८ टाके विणले. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या हेझेल टिंडल यांनी २००८ साली तीन मिनिटांत २६२ टाके विणले. टिंडल यांचा तो वेग क्षणभरही न थांबता टिकला असं धरलं, तरी आपल्या या स्वेटरला एकोणीस तास लागतील.

घरात मात्र कुणी तासन्‌तास विणत बसत नाही. विणकाम दिवसाच्या फटींमध्ये होतं. पाठीची एक ओळ १४० टाक्यांची, म्हणजे पावणेपाच मिनिटांची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी होतात. सव्वा तासाच्या लोकलच्या प्रवासात बसायला जागा मिळाली तर सोळा ओळी, म्हणजे पाठीचे साडेचार सेंटीमीटर. कुणाला दवाखान्यात घेऊन जायचं असेल तर बाहेरच्या बाकावर आणखी काही. असा मिळून रोजचा अर्धा तास धरू. अर्ध्या तासाचे टाके होतात ९००. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार चांद्रमास, म्हणजे ११८ दिवस. नऊशे गुणिले एकशे अठरा बरोबर १,०६,२००.

म्हणजे आषाढीला पहिले टाके सुईवर घातले आणि रोज अर्धा तास दिला, तर कार्तिकीला स्वेटर अंगात. निफाडची, नाशिकची थंडी सुरू व्हायच्या बेताला तो पुरा होतो. चातुर्मासाच्या मुदतीत लाख पुरा करण्याचा संकल्प ज्यांनी पहिल्यांदा सोडला, त्यांच्या हाताला ही गती आतूनच ठाऊक असली पाहिजे. एवढ्या दिवसांत, घरचं सगळं सांभाळून, माणसाच्या हातून होण्यासारखा सर्वांत मोठा गोल आकडा हाच आहे. दहा हजार फार लवकर संपतात आणि दहा लाखांना जवळजवळ दहा चातुर्मास लागतात.

आता प्राजक्त. वाड्याच्या कुंपणाशी, बंगल्याच्या फाटकाजवळ, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे कुठेही हे झाड उभं असतं. दिसायला ते फारसं देखणं नाही. पानं खरखरीत, पॉलिश कागदासारखी. फांद्या वाटेल तशा वाढलेल्या. मोगरा, जाई-जुई आणि ऑलिव्ह ज्या कुळात येतात त्याच कुळातलं हे झाड. कार्ल लिनिअसने १७५३ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. संध्याकाळी कळी उमलते आणि उजाडायच्या आत फूल जमिनीवर आलेलं असतं. सत्यभामेच्या अंगणातलं झाड रुक्मिणीच्या अंगणात सडा घालायचं, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. जमिनीवर पडलेली फुलं देवाला चालत नाहीत, या नियमाला आपल्या घरांनी अपवाद केला तो याच फुलाचा.

खाली पडतं ते काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. ज्याला आपण केशरी देठ म्हणतो ती खरं तर पाकळ्या तळाशी एकत्र येऊन झालेली नळी आहे. या नळीच्या आतल्या बाजूला दोन पुंकेसर चिकटलेले असतात. पाकळ्या, नळी आणि पुंकेसर एवढंच सुटून खाली येतं. बीजकोश वर फांदीवरच राहतो. त्याची पुढे चपटी, हृदयाच्या आकाराची शेंग होते आणि तिच्या दोन कप्प्यांत एकेक बी असतं. त्यामुळे सडा वेचून नेल्याने झाडाचं काही कमी होत नाही. झाडाला जे जपायचं आहे ते त्याने स्वतःकडे ठेवलेलं असतं. लाखोलीसाठी याहून निर्दोष फूल शोधून सापडणार नाही.

लाखोलीचा हिशेब प्राजक्ताला थोडा कडक पडतो, कारण आषाढ-श्रावणात त्याला फारशी फुलं नसतात. भाद्रपदाच्या प्रतिपदेपासून कार्तिकीपर्यंत जेमतेम सत्तर दिवस हाती राहतात. लाख पुरा करायचा तर रोज साडेचौदाशेच्या आसपास फुलं वेचावी लागतात. मूठ भरून उचलली तर प्राजक्ताची फुलं चुरगळतात, म्हणून देठाला धरून एकेक उचलायचं. दोन सेकंदांना एक फूल धरा. रोजची पाऊण तासाची बैठक झाली, तीही उकिडवी. एकूण लागतात दोन लाख सेकंद, म्हणजे साडेपंचावन्न तास. स्वेटरला लागले तेवढेच. आणि झाडाच्या बाजूने पाहिलं तर रात्रीला हजार फुलं टाकणारं झाड या सत्तर दिवसांत सत्तर हजारांपर्यंत जातं. संकल्प सोडणाऱ्या बाईच्या अंगणात एक भरगच्च झाड असेल तर लाखाचा बराचसा भार ते एकटं उचलतं.

त्या केशरी नळीतला रंग आणि खऱ्या केशरातला रंग एकाच रसायनाच्या घरातले आहेत. दोन्हींचं मूळ क्रोसेटिन. पूर्वी प्राजक्ताच्या देठांनी रेशीम रंगवत असत. केशराचा हिशेबही लाखांतच जातो. काश्मीरमध्ये पांपोरच्या शेतांतून एक किलो केशर हाती येण्यासाठी सुमारे दीड लाख फुलं खुडावी लागतात आणि प्रत्येक फुलातून तीन तंतू वेगळे करावे लागतात. म्हणजे साडेचार लाख तंतू. तेही हातानेच.

इथपर्यंतचे आकडे बोटांना कळणारे आहेत. पण टाका आणि फूल, दोन्हींच्या आत उतरलं की बोटं मागे राहतात.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा असतो. इथे हिशेब मेंढीच्या खऱ्या लोकरीचा करू, मेरिनो जातीच्या मऊ लोकरीचा. एका टाक्याला साधारण दीड सेंटीमीटर धागा लागतो. लाख टाक्यांना दीड किलोमीटर. पन्नास ग्रॅमच्या गुंड्यात दोनशे मीटर धागा असेल तर आठ गुंडे आणावे लागतील आणि त्यातला अर्धा उरेल. आता हा धागा कापून त्याच्या तोंडाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहा. वीस मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे, सुमारे सहाशे केस शेजारी शेजारी दिसतील. दीड किलोमीटर धागा आणि प्रत्येक ठिकाणी सहाशे केस. हे सगळे केस एकापुढे एक मांडले तर नऊशे किलोमीटर अंतर होतं. मुंबईहून नागपूरला रेल्वेने जाताना साधारण ८४० किलोमीटर पडतात. म्हणजे एका स्वेटरची लोकर सुटी करून रुळांच्या कडेने टाकत गेलं तर ती नागपूरच्या पुढे पोचेल.

आणि यातला एकही केस बोटापेक्षा लांब नाही. मेंढीच्या अंगावरून तो सात-आठ सेंटीमीटर लांबीचाच उतरतो. साडेसात सेंटीमीटर धरले तर नऊशे किलोमीटरमध्ये एक कोटी वीस लाख केस झाले. त्यांना जोडणारा डिंक नाही, गाठ नाही. पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने धरून राहतात. तसाच पुढचा मजला. एक कोटी वीस लाख केसांचा एक धागा झाला. त्या धाग्याचे लाख फासे एकमेकांतून ओवले गेले. गुंडा बदलताना मारतो ती गाठ सोडली तर स्वेटरच्या अंगात कुठेही गाठ नसते. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे शेकडो वेगवेगळे धागे असतात. सुईवरच्या विणीत मात्र एकच धागा स्वतःच्याच फाशातून पुन्हा पुन्हा बाहेर येतो.

अजून आत जाता येतं. लोकरीच्या केसातलं केराटिन हे प्रथिन मळसूत्रासारखं वेटोळं घातलेलं असतं. इंग्लंडमधल्या लीड्स इथे विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात क्ष-किरणांनी लोकरीचे फोटो घेतले. ओढलेल्या लोकरीची रचना बदलते आणि सोडली की ती परत मूळ जागी येते, हे त्यांनी दाखवलं. १९५१ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेटोळ्याचं माप सांगितलं. एका वेढ्याची उंची ०.५४ नॅनोमीटर. साडेसात सेंटीमीटरच्या केसाच्या लांबीभर असे वेढे ओळीने मोजत गेलं तर जवळजवळ चौदा कोटी भरतात. टाका ताणला की सैल होतो आणि सोडला की मिटतो. त्याच्या खालचा केसही तसाच, केसातलं प्रथिनही तसंच. धुऊन वाळवलेला लोकरीचा स्वेटर पुन्हा अंगाबरोबर बसतो, त्यामागे एवढी सगळी वेटोळी कामाला लागलेली असतात.

फुलाकडे वळू. प्राजक्ताचं फूल दीड-दोन सेंटीमीटर रुंद असतं, पाकळ्या पाच ते आठ. पाकळ्यांचं मिळून क्षेत्रफळ दीड चौरस सेंटीमीटर धरू. वनस्पतीची पेशी तीस मायक्रॉनची धरली तर एका चौरस मिलिमीटरमध्ये अकराशे पेशी बसतात आणि एका चौरस सेंटीमीटरमध्ये एक लाख दहा हजार. स्वेटरच्या तेवढ्याच जागेत टाके किती? दहा. म्हणजे प्राजक्ताच्या एका फुलाच्या वरच्या त्वचेत, एकाच पेशीइतक्या जाड थरात, दीड लाखांवर पेशी असतात. लाखोलीतलं प्रत्येक फूल स्वतःच एक लाखोली आहे. लाख फुलांच्या त्या एका थरातल्या पेशी मोजल्या तर दीड हजार कोटींच्या वर जातात. खालची त्वचा आणि मधले थर अजून धरलेलेच नाहीत.

या पाकळ्या पांढऱ्या दिसतात, पण त्यांच्यात पांढरा रंग असा नसतोच. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते आणि तिच्यावर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून डोळ्यांना पांढरं दिसतं. पाकळी बोटांत दाबून पाहा. हवा निघून जाते आणि तेवढा भाग पाण्यासारखा पारदर्शक होतो.

स्वेटरचंही तसंच आहे. त्याची ऊब लोकरीत जेवढी, त्याहून जास्त तिने अडवून धरलेल्या हवेत असते. विणीची जाडी दोन मिलिमीटर धरली तर एका टाक्याच्या वाट्याला वीस घन मिलिमीटर जागा येते. त्यात लोकर तीनच घन मिलिमीटर. उरलेली सतरा घन मिलिमीटर हवा. अख्ख्या स्वेटरमध्ये अशी दीड-पावणेदोन लिटर हवा भरलेली असते. आणि एका टाक्यातल्या त्या चिमूटभर हवेत रेणू किती? चारावर सतरा शून्यं, किंवा त्याहून थोडे अधिक.

एकावर सतरा शून्यं या संख्येला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, इसवी सन ११५० च्या सुमारास, एकापासून सुरू होणारी अठरा स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटचं परार्ध. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. म्हणजे ही नावं आपल्या खानदेशच्या मातीला जवळची. परार्ध हा त्या पायऱ्यांचा माथा. तो गाठायला आकाशातले तारे मोजत बसावं लागत नाही. एका टाक्यात चार परार्ध रेणू बसलेले आहेत.

मला सर्वांत जास्त थक्क करणारा परार्ध मात्र वेगळाच आहे. तो फक्त निवडीतून तयार होतो.

सुयांवरच्या विणकामाची मुळाक्षरं दोनच. सुलट आणि उलट. जाळी, पेड, वाढवणं-घटवणं हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एवढंच पाहू, की एका ओळीतला प्रत्येक टाका सुलट घ्यायचा की उलट. एक टाका असेल तर दोन तऱ्हा. दोन टाके, चार तऱ्हा. तीन टाके, आठ. हे आठ शाळेत कवितेचं वृत्त ओळखताना आपण सगळे शिकलो आहोत. लघू आणि गुरू अशी दोनच तऱ्हेची अक्षरं, तीन अक्षरांचा गण, म्हणून गण आठच: य, म, त, र, ज, भ, न, स. नववा गण असूच शकत नाही. पिंगळाच्या छंदःशास्त्रात अशा सगळ्या शक्यता ओळीने मांडण्याची रीत आहे. तिला प्रस्तार म्हणतात. लघूच्या जागी उलट ठेवा, गुरूच्या जागी सुलट, की तोच प्रस्तार सुईवर आला.

अक्षर एकाने वाढलं की शक्यता दुप्पट होतात. दहा टाक्यांच्या ओळीच्या १,०२४ तऱ्हा. मंदाक्रांता वृत्ताच्या चरणात सतरा अक्षरं असतात. सतरा लघू-गुरूंच्या एकूण रचना १,३१,०७२, आणि मंदाक्रांता त्यातली एक. म्हणजे सतराव्या टाक्यालाच आपला लाख मागे पडला. सगळ्या स्वेटरभर विणून जो लाख पुरा झाला होता, तो इथे पाच-सहा सेंटीमीटरच्या पट्टीत संपतो. वीस टाके, १०,४८,५७६ तऱ्हा. तीस टाके, १,०७,३७,४१,८२४, म्हणजे अब्जाच्या वर. चाळीस टाक्यांना महापद्म ओलांडतं. आणि सत्तावन्नाव्या टाक्याला परार्धही मागे पडतो: १,४४,११,५१,८८,०७,५८,५५,८७२.

सत्तावन्न टाके म्हणजे वीस सेंटीमीटर. मफलरची रुंदी. मफलरच्या एकाच ओळीच्या इतक्या तऱ्हा होतात, की भास्कराचार्यांनी नाव दिलेलं शेवटचं स्थानही त्यांना अपुरं पडतं. या सगळ्या ओळी कुणी एकामागून एक विणायला घेतल्या आणि एका ओळीला दोन मिनिटं दिली, तर झोप, जेवण काहीही न करता चोपन्न हजार आठशे कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय सुमारे एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षं आहे. म्हणजे त्याच्या जवळजवळ चाळीसपट. आणि हे सगळं मफलरच्या एका ओळीसाठी.

ओळ थोडी आखूड करू आणि उंची वाढवू. दहा सेंटीमीटर रुंद, २८ टाक्यांची पट्टी घ्या. दृश्य विश्वातल्या अणूंचा ढोबळ अंदाज एकावर ऐंशी शून्यं असा केला जातो. सुलट-उलटच्या तऱ्हा तेवढ्या व्हायला २६६ टाके पुरतात. अठ्ठावीसच्या पट्टीत हे टाके साडेनऊ ओळींत मावतात. दहावी ओळ पुरी व्हायच्या आत, अडीच सेंटीमीटरपेक्षा जराशा उंच तुकड्यात, शक्यतांची संख्या अणूंच्या संख्येपुढे गेलेली असते. आणि सबंध स्वेटर? लाख टाक्यांच्या तऱ्हांची संख्या तीस हजार एकशे तीन अंकी आहे. छापील पानावर पंधराशे अंक मावले, तर नुसता तो आकडा लिहायला वीस पानंही पुरणार नाहीत.

या अफाट पसाऱ्यातून माणसाच्या हातांनी मोजक्याच विणी निवडल्या आणि त्या का निवडल्या हे हातांना पक्कं कळलेलं आहे. सगळा सुलट पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण कडा गुंडाळते. जाता-येता प्रत्येक ओळ सुलटच विणली तर कापड सपाट पडतं आणि उंचीत ताणतं. एक सुलट, एक उलट अशी एकाखाली एक पट्टी धरली तर कापड रुंदीत ताणतं आणि परत मिटतं, म्हणून मनगटाला आणि कमरेला तीच वीण हवी. तेच एक सुलट, एक उलट पुढच्या ओळीत फिरवून घेतलं की खडबडीत, घट्ट पोत येतो. लोकर तीच, सुया त्याच, टाके तितकेच, बदलला फक्त क्रम. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठात एलिझाबेत्ता मात्सुमोतो आणि त्यांचे सहकारी नेमक्या या चार विणींचा अभ्यास पदार्थविज्ञानाच्या अंगाने करतात. टाक्यांच्या क्रमातून कापडाची लवचीकता कशी ठरते याचं त्यांचं काम २०२४ साली प्रसिद्ध झालं. घराघरांत सुईवर मुरलेलं हे ज्ञान प्रयोगशाळेत मोजलं जातंय, याचा मला मनापासून आनंद होतो. त्याची योग्यता तेवढी होतीच.

आता यंत्र. आपण अंगात घातलेला टी-शर्ट कापडाचा दिसतो, पण तो मागावरचा नाही. तो विणीचा आहे. भिंग घेऊन पाहा. स्वेटरवर दिसतात तेच इवल्या इवल्या टाक्यांचे खांब तिथे दिसतील. एका चौरस सेंटीमीटरमध्ये तीनशेच्या आसपास टाके, म्हणजे सबंध टी-शर्टात पंचवीस-तीस लाख. बनियन, मोजे, लहान मुलांची झबली, सगळं याच जातीचं. हे विणणारं गोल यंत्र तीस इंच व्यासाचं असतं. परिघाच्या प्रत्येक इंचाला चोवीस सुया धरल्या तर २,२६० सुया होतात. एका वेळी नव्वद धागे आत येतात आणि सुयांचा सिलिंडर मिनिटाला तीस फेरे घेतो. गुणाकार केला तर मिनिटाला एकसष्ट लाख टाके. सेकंदाला एक लाख.

आषाढी ते कार्तिकी चालणारं काम तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कारखान्यातलं एक यंत्र एका सेकंदात करतं. त्याबद्दल तक्रार करण्याचं काही कारण नाही. त्या सेकंदामुळेच अंगभर कापड सगळ्यांच्या आवाक्यात आलं. पण तो लाख कुणाच्या बोटांतून गेलेला नसतो. टी-शर्ट घालणाऱ्याला तो तीस लाखांचा आहे हेही ठाऊक नसतं. हाताने विणलेल्या स्वेटरच्या मालकिणीला मात्र कोणत्या बाहीच्या कोणत्या ओळीवर असताना नातीचा फोन आला होता, हे सांगता येतं.

आणि हाताच्या विणीला एक सोय आहे. ती उसवता येते. आपल्याकडच्या घरांनी ही सोय पुरेपूर वापरली आहे. स्वेटर आटला, कोपराला विरला, किंवा ज्याचा होता तो माणूस त्यात मावेनासा झाला, की शेवटचं टोक शोधून ओढायचं. एका हिसक्याला साठ सेंटीमीटर धागा धरला तर चाळीस टाके सुटतात. दीड किलोमीटरला अडीच हजार हिसके. गुंडाळण्यासकट एकाला दोन सेकंद लागले तर साडेपंचावन्न तासांचं काम दीड तासाच्या आत सुटं होतं. तुकडे शिवलेले असतील तर आधी शिवण काढावी लागते आणि कोपराकडचा झिजलेला भाग तोडून टाकावा लागतो. मग लडी करायच्या, कोमट पाण्यात धुवायच्या आणि खाली वजन बांधून वाळत घालायच्या, म्हणजे धाग्यातले जुने वळसे सरळ होतात.

तीन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला सुमारे तीस हजार टाके लागतात. आजोबांच्या लाखात तीन नातवंडांचे तीन स्वेटर बसतात आणि दहा हजार टाक्यांचा धागा उरतो. तान्ह्या बाळाच्या टोपऱ्याला साडेसहा हजार पुरतात.